एजंटकाकांना विचारलेला प्रश्न

चाळीचा फळा वाचणाऱ्या मंडळींनो, शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. माझी शाळा सातवीतच सुटली आणि क्लासच्या टाइपरायटरवर मी अजून एकाच बोटाने टाइप करते.

आज सकाळी मुलुंडच्या उन्हात कोट घालून विम्याचे एजंट आमच्याकडे आले. बाबा गेल्यावर आईने शिवणकाम करून साठवलेलं सगळं ती त्यांना द्यायला निघाली होती. पाहुण्यांसमोर माझं तोंड कधी उघडत नाही. आज उघडलं.

"काका, यात तुम्हाला किती मिळणार?"

"गप गं! असं विचारतात का?" आई ओरडली.

काका हसले. "विचारू दे वहिनी, कुणी विचारतच नाही." त्यांनी कमिशन सरळ सांगितलं. मग म्हणाले, "हप्ते मध्येच थांबले तर नुकसान तुमचं. झेपेल तेवढीच पॉलिसी घ्या. बाकीचे पोस्टात ठेवा."

आईने छोटीच घेतली. म्हणजे काकांचं कमिशनही कमी झालं ना!

मला वाटायचं, विचारलं की माणसं रागावतात. तुम्ही विचारता का हो?

अरे हो, जिन्याखालच्या मांजरीला चार पिल्लं झालीत!