मल्लूच्या गाण्यांची चाळणी

मल्लू गेल्याची बातमी अर्धापुरात पहिल्यांदा मला कळली अन् लोकांना मीच सांगितली, म्हणून दुपारपर्यंत ती कुणी खरी मानली न्हाई. सकाळी हाटेलात बसून मी आपली एक गोष्ट रंगवून राहिलो व्हतो, सासुरवाडीत म्हैस समजून रेड्याखाली चरवी घेऊन बसलो व्हतो ती. मधीच फोन आला. वैनी, म्हणजे मल्लूची बायको, एवढंच म्हणली, "भाऊजी, ह्यांच्या छातीत कळ आली... उठलेच न्हाईत." मी फोन ठिवला अन् म्हणलो, "मल्लू गेला." हाटेलवाला हसत म्हणला, "हं, मंग पुढं?" बाकीचे बी माझ्या तोंडाकडं बघून राहिले, आता हा काय जोड लावतो म्हणून. मी उठून निघालो तरी मागून हसणं ऐकू येत व्हतं. जिंदगीभर केलेल्या मस्करीचं फळ मला त्या सकाळी एकदमच भेटलं.

मला लिहिता येत न्हाई. तिसरीपर्यंत शाळेत गेलो, ते बी मास्तरला माझी बकरीची नक्कल आवडायची म्हणून. हे समदं मी मल्लूच्या घराच्या ओट्यावर बसून बोलून राहिलो अन् त्याची पोरगी गिरिजा लिहून राहिली. बापाची गाणी कुठंच लिहिलेली न्हाईत, म्हणून ती वही घेऊन माणसामाणसाकडं फिरून राहिली. तिला म्हणलो, बोलतो तसंच लिही, सुधरवू नको. मला सुधरवायला गेलेले समदे थकले.

मल्लूचा टेम्पो व्हता. अर्धापूरची केळी नांदेडला न्यायची, कवा लातूरला. मी त्याच्यासंग हमाल. घड चढवायचे, उतरवायचे अन् मधल्या वाटेत बडबड करायची. टेम्पोत टेप व्हता, पर एकदा मी तो दुरुस्त केला, तवापासून नव्हता. मंग मल्लूच गायचा. एक हात स्टेरिंगवर, दुसरा खिडकीच्या बाहीर, अन् बोटातल्या अंगठीनं दारावर ठेका. चढ आला की टेम्पो हळू व्हायचा अन् गाणं बी लांबायचं, उताराला दोन्ही पळायची. मला आधी वाटलं सिनेमातलं हाय. विचारलं तर म्हणला, "आत्ताच झालं. फाट्यापासून इथवर." मी बघतच राहिलो. फाट्यापासून इथवर मी दोन जांभया दिल्या व्हत्या, अन् तेवढ्यात ह्या माणसानं गाणं केलं व्हतं!

हे त्याला कुठून आलं, ते त्यानं एकदा सांगितलं. तो देगलूरकडचा, लिंगायताचा. लहानपणी गावच्या मठात म्हातारे कन्नडमधी भजनं म्हणायचे. ह्याला त्यातला एक शब्द समजंना, पर ढोरामागं रानात गेला की तीच तोंडात. आई तेलंगणातल्या बायांसंग हळद खुरपायची. त्या तेलुगूत गायच्या, ते बी तसंच चिकटलं. "अर्थ कळला न्हाई, तरी गाणं गेलं न्हाई बघ," म्हणला. "तवाच ठरवलं, आपण केलेलं बी तसंच पाहिजे. समजो न समजो, ऱ्हायलं पाहिजे."

म्हणजे त्याला असा माणूस पाहिजे व्हता, ज्याला काहीच समजत न्हाई. तो शेजारीच बसलेला व्हता.

नवं गाणं तो मला एकदाच ऐकवायचा. दुसऱ्या दिवशी घड भरून झाले की दाराला टेकून विचारायचा, "काय ऱ्हायलं बे?" आता माझी याददाश्त अशी, की बायकोनं मीठ आणायला धाडलं तर मी दुकानदाराची खुशाली विचारून मोकळ्या हातानं घरी यायचो. मी म्हणायचो, "काहीच न्हाई." तो म्हणायचा, "गेलं मंग." अन् खरंच जायचं. ते गाणं पुन्हा कवाच त्याच्या तोंडून निघायचं न्हाई. मला वाटायचं रुसला. पर तो हसायचा, "अरं, तुझं टकुरं चाळणी हाय. माती खाली पडती, दाणा वर ऱ्हातो."

एकदा केळीच्या झाडावर, एक घड दिला की ज्याला तोडून टाकत्यात त्याच्यावर, बारा कडव्यांचं गाणं केलं त्यानं. किती दिवस त्यालाच घासून राहिला व्हता. मला दुसऱ्या दिवशी एकच ओळ आठवली, ती बी मधलीच... "एक घड दिला बाई, तर कोयता आला दारी." मला वाटलं आता हाणतो. तर त्यानं दारावर दोन थापा मारल्या अन् म्हणला, "सापडलं!" बाकीचं समदं तिथंच फेकलं अन् त्या एका ओळीतून नवं गाणं उभं केलं, ते मंग बाजारोबाजारी गात फिरला. मी तर वाळलेलं पान बी फेकताना दोनदा बघतो. पुढं दोन-तीन सालांनी लातूरच्या बाजारात एक बाई तेच गुणगुणत केळी विकत बसली व्हती. मी छाती काढून म्हणलो, "मावशे, हे ह्यानं केलेलं हाय." तिनं मल्लूला खालून वर बघितलं अन् म्हणली, "हट! माझ्या माईचं हाय ते." मी भांडायला निघालो. मल्लूनं मला ओढून टेम्पोत घातलं. पुरा रस्ता तो हसत व्हता. "ऐकलंस का बे? तिच्या माईचं झालं!" एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा बघितला न्हाई.

आता जे सांगायचं ते... गिरिजा, हे बी लिही.

माझी बायको वारली त्या साली तेराव्याला मी आलेल्या लोकांना पोट धरून हसायला लावलं. लोक म्हणले, गडी धीराचा. पुढच्या खेपेला मल्लूनं एक गाणं ऐकवलं.

हसऱ्याच्या दारापुढं माणसांची दाटी लई,
दार लोटल्यावर मंग हसवाया कुणी न्हाई...

चार कडवी व्हती. मी खिडकीबाहीर बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "काय ऱ्हायलं बे?" समदं ऱ्हायलं व्हतं. शब्द न् शब्द, त्यानं मधी घेतलेला दम सुदिक. मी म्हणलो, "काहीच न्हाई." हे गाणं गावोगाव गेलं असतं अन् लोकांनी माझं लोटलेलं दार ढकलून आत बघितलं असतं, ह्याचं मला भ्या वाटलं. तो नेहमीपेक्षा जरा जास्त बघत राहिला. "गेलं मंग," म्हणला अन् चावी फिरवली. त्याच्यानंतर आम्ही इतकी सालं संग फिरलो, पर त्यानं ते कवा तोंडात घेतलं न्हाई. दुनियेत ते एकाच ठिकाणी हाय, अन् ते बी माझ्यासारख्याच्या टकुऱ्यात.

हे पुढचं गिरिजानं मागून लिहिलं. तवा तिचा पेन थांबला व्हता. आतून वैनी बाहीर आली.

"त्यांना ठावं व्हतं, भाऊजी," म्हणली. "त्या दिवशी धड जेवले बी न्हाईत. म्हणले, आज पहिल्यांदा पुरं गाणं ऱ्हायलं, अन् ज्याच्यापाशी ऱ्हायलं तो देईना. म्या म्हणलं, मागा की मंग. तर म्हणले, त्याचंच हाय ते. देईल तवा देईल."

 गिरिजानं वही मिटून बाजूला ठिवली.

"काका, म्हणा," गिरिजा म्हणली.

"अगं, मी गायलो की शेळ्या दावं तोडत्यात."

"तोडू द्या."

टेम्पो अंगणातच उभा हाय. डायवरच्या दारावर भाकरीएवढा रंग उडालाय, त्याच्या अंगठीनं ठोकून ठोकून. खालचं लोखंड उघडं पडलंय, तिथं गंज धरायला लागलाय. मी तिथं हात ठिवला. वैनीनं पदराची गाठ सोडून त्याची अंगठी काढली. माझ्या बोटात ती जाईना. गिरिजानं ती आपल्या अंगठ्यात घातली अन् बाप जिथं ठोकायचा तिथंच ठेका धरला. मी चारी कडवी म्हणली. कुठं चढलो, कुठं रस्ता सोडून बांधावर गेलो. शेवटच्या कडव्यात माझा आवाज बसला, तर पोरीनं चढावरच्या गाडीसारखा ठेका हळू केला अन् मला वर येऊ दिलं.

कुणी हसलं न्हाई. मी नजर वर केली, तर वैनी त्या गंजलेल्या जागेवरून पदर फिरवून राहिली व्हती.