पुलावरची थरथर

नवरा हितेंद्र वारला तेव्हा त्याची जुनी गाडी विकून टाक, असं दर्शनाला सगळ्यांनीच सांगितलं. तिने विकली नाही. चाळिशी उलटल्यावर ती गाडी चालवायला शिकली आणि लालबाग-परळच्या चाळींतले पेशंट डायलिसिससाठी शीवच्या इस्पितळात नेऊ-आणू लागली.

यंदा पावसाळा सरताना स्टिअरिंग थरथरू लागलं. गल्लीत काही जाणवायचं नाही. लालबागच्या पुलावर गाडीने साठ गाठली की हाताला झिणझिण्या यायच्या. पेशंटांपैकी राजाराम, गिरणीत उमर गेलेले, शेजारी बसायचे. ते म्हणाले, "गो दर्शना, गाडीक थंडी वाजता काय?"

ती हसली, पण तिने वेग कमी केला.

रे रोडला हितेंद्रच्या मित्राचं, वैभवचं गॅरेज होतं. त्याने चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं. थरथर कमी झाली, गेली नाही.

"वहिनी, गाडीचं वय झालंय. हळू चालवा," तो म्हणाला.

"गाडीत आजारी माणसं असतात रे. कारण कळल्याशिवाय मी कुणाला बसवणार नाही."

पेशंटना तिने ओळखीचा टॅक्सीवाला गाठून दिला आणि रिकामी गाडी पुलावरून फिरवून पाहिली. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढत नव्हती. तिने ते वैभवला सांगितलं.

"मग ब्रेकचं काही नाही," तो विचार करत म्हणाला. "पुढची चाकं मागे टाकून बघू."

चाकं बदलून दोघं पुन्हा पुलावर गेले. आता स्टिअरिंग शांत होतं, पण सीट खालून हलत होती.

"दुखणं चाकाबरोबर मागे गेलं," वैभव म्हणाला.

गॅरेजात त्याने मागची चाकं उतरवली. एका टायरला आतल्या बाजूने फुगवटा आला होता; कुठल्यातरी खड्ड्यात मार बसला असणार. तो इतका बारीक होता की आधी चाक उतरवूनही नजरेला आला नव्हता; आता हात फिरवल्यावर लागला. वैभवने त्यावर अंगठा दाबला.

"हा पुलावर फुटला असता, वहिनी."

दर्शना स्टुलावर बसली. तिने पाणी मागितलं आणि दोन घोट घेतले. मग म्हणाली, "मागचे दोन्ही टायर नवीन टाक."

दुसऱ्या दिवशी तिने राजारामांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वेगळंच गाऱ्हाणं काढलं, "तो टॅक्सीवालो वाटभर एक शब्द बोललो नाय."

पुलावर स्टिअरिंग स्थिर होतं. तरी तिने गाडी पन्नासवरच ठेवली. राजाराम शीवपर्यंत बोलत राहिले.