मागची बाजू : बदल नाही

कारखान्यात त्यांना सगळे रेघबाई म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. पाकिटावरचा मजकूर छापायला जाण्याआधी शेवटचा वाचायचा, चूक दिसली की लाल रेघ मारायची, नाही दिसली तर खाली सही करायची, एवढं त्यांचं काम. पूर्वी त्या छापखान्यात मुद्रितं तपासत. छापखाना बंद पडला आणि त्या या चॉकलेट कुकीच्या कारखान्यात आल्या, त्याला एकवीस वर्षं झाली. इथे कुकी भाजत नाहीत. चॉकलेटचे खडे घालून मळलेलं पीठ कापतात, गोठवतात आणि पाकिटात भरून विकतात. भाजण्याचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात.

पाकिटाच्या पुढच्या बाजूशी बाईंचं कधी जमलं नाही. तिथे ‘आनंदाचा घास’ वगैरे लिहिलेलं असतं, त्यात चूक काढणार तरी कुठे? त्यांचा जीव मागच्या बाजूवर, पोषणाच्या तक्त्यावर. ऊर्जा, कर्बोदकं, त्यातली साखर, मेद, मीठ. एकदा ‘मेद’वर नको तो अनुस्वार पडला होता, तर बाईंनी अख्खी छपाई अडवली. व्यवस्थापक म्हणाले, अति तिथं माती. बाई म्हणाल्या, माती असेल तर तीही तक्त्यात लिहा.

पण हाताखाली माणूस नाही आणि फायलींचा ढीग रोजचा. रंग बदलला, फाइल बाईंकडे. पत्ता बदलला, फाइल बाईंकडे. शेवटी वैतागून बाईंनीच एक शिक्का करून घेतला: ‘ब. ना.’ म्हणजे बदल नाही. फाइल पाठवणाऱ्याने तो मारायचा; ज्या बाजूवर हा शिक्का, ती बाजू पुन्हा वाचायची नाही, नुसती सही करायची. कारखान्यात अशा फायलींना ‘बना’ म्हणू लागले. आजचे बना किती, सहा बना आले, असं सर्रास चाले. कामाचा बोजा निम्मा झाला आणि बाईंना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

बाईंचे यजमान घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसलेला हा माणूस तासन्‌तास बोलत नसे, आणि बोलला तर मोजून. त्यांना गेल्या वर्षी मधुमेह निघाला. गंमत अशी की त्याआधी गोडाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. बायको चॉकलेटच्या कारखान्यात, दर महिन्याला घरी पाकिटं येत, ती शेजारी वाटली जात. पण डॉक्टरीणबाईंनी गोड बंद म्हटलं आणि घड्याळजींना संध्याकाळच्या चहाबरोबर कुकी आठवू लागली. नको म्हटलं की तेच हवं, हा मनुष्यस्वभाव.

त्यांनी एवढंसं तोंड करून विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या. दोन खा, म्हणाल्या, पण मोजून. तुम्हाला बारा ग्रॅम कर्बोदकांना इन्सुलिनचं एक युनिट. पाकिटावर लिहिलं होतं, एका कुकीमागे कर्बोदकं बारा ग्रॅम. दोन कुकी, दोन युनिटं. घड्याळजींनी वहीत तसं लिहून घेतलं आणि रोज पाच वाजता दोन तुकडे छोट्या ओव्हनमध्ये भाजू लागले.

आणि साखर वाढू लागली. रोज संध्याकाळी थोडी, पण रोज. तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट वाईट, सहाव्या महिन्याचा त्याहून वाईट. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दोनच खाता ना? घड्याळजी म्हणाले, दोनच. डॉक्टरीणबाईंनी रेघबाईंकडे पाहिलं आणि बाईंनी मान खाली घातली, लाज वाटल्यासारखी. ती मान घड्याळजींना फार लागली.

घरी आल्यावर बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पाकिटावरचा आकडा खोटा असणं शक्य नव्हतं, कारण खाली सही बाईंची. मग खोटं कोण? बाईंनी फ्रीजरला कुलूप घातलं, रोज स्वतः दोन तुकडे काढून देऊ लागल्या, तरी साखर तिथेच. पण घड्याळजीला कुलपाचं काय कौतुक? चिमटा घातला की दोन मिनिटांचं काम. असं त्यांनी नवऱ्याला तोंडावर सांगितलं. घड्याळजी म्हणत, अगं दोनच. बाई म्हणत, या वयात चोरून खाता आणि वर खोटं बोलता.

रोज तेच. शेवटी एका संध्याकाळी घड्याळजींनी भिंग काढून ठेवलं आणि म्हणाले, हो, खातो मी तिसरी. बाईंना रडू आलं, पण बरंही वाटलं. त्यांनी धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं की अखेर कबूल केलं एकदाचं. कुकी पूर्ण बंद झाल्या. पंधरा दिवसांत साखर ताळ्यावर आली आणि बाई म्हणाल्या, बघा, म्हटलं नव्हतं? त्यानंतर घड्याळजी चहा दुकानातच घेऊ लागले.

महिनाभराने बाईंच्या टेबलावर नवी फाइल आली, शेंगदाण्याच्या कुकीची. नवं पाकीट, त्यामुळे दोन्ही बाजू वाचायच्या. मागे लिहिलं होतं, एका कुकीमागे कर्बोदकं अठरा ग्रॅम. चॉकलेटला बारा आणि याला अठरा? बाईंनी झोकात लाल रेघ मारली. अर्ध्या तासात प्रयोगशाळेतला माणूस कुरकुरत जिना चढून वर आला.

“बाई, अठरा बरोबर आहे. तुकडा तीस ग्रॅमचा असतो.”

“तुकडा वीसचा असतो.”

“असायचा. कापायचा साचा बदलला, त्याला दहा महिने झाले. सगळ्याच पाकिटांत चोवीसचे सोळा तुकडे झालेत. तुमचीच सही आहे की.”

बाईंनी चॉकलेटची फाइल काढली. पुढच्या बाजूवर लिहिलं होतं, ‘आता सोळा मोठ्या कुकी’. ‘मोठया’ असं आलं होतं, ते लाल शाईने ‘मोठ्या’ केलेलं होतं. अक्षर त्यांचंच. त्यांनी तो शब्द दुरुस्त केला होता, वाचला नव्हता. मागच्या बाजूवर शिक्का होता, ब. ना., आणि त्याखाली सही. एका कुकीमागे कर्बोदकं बारा ग्रॅम.

त्या तशाच व्यवस्थापकांकडे गेल्या. व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाले की छापलेली वेष्टनं चारेक महिन्यांत संपतील, मग पुढच्या छपाईत सुधारू. एवढ्याने काय आभाळ कोसळतंय?

“कोण मोजून खातं हो, बाई?” ते म्हणाले.

“आमच्या घरी खातात.”

व्यवस्थापकांना ते कळलं नाही. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं की या वेष्टनावरची माझी सही मी मागे घेते आहे, आणि उद्या सकाळपर्यंत पाकिटं भरणारं मशीन थांबलं नाही तर हाच कागद अन्नतपासणी कार्यालयात देईन. व्यवस्थापकांनी कागद वाचला आणि बघतो म्हणून खणात टाकला. बाईंना एवढी चीड आली होती की नेमकी कोणाची, हेच कळेना. साच्याची, शिक्क्याची, या माणसाची, की त्या ‘मोठ्या’ची.

घरी पोचल्या तेव्हा घड्याळजी दुकानात एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. बाईंनी पिशवीही खाली ठेवली नाही. तीस ग्रॅम, अठरा, चोवीसचे सोळा, सगळं एका दमात सांगितलं. सही माझी होती, हेही सांगितलं. घड्याळजींनी भिंग न काढता विचारलं, म्हणजे दोन कुकींचे छत्तीस? तीन युनिटं हवी होती? बाई हो म्हणाल्या. ते पुन्हा घड्याळावर वाकले.

“मग तुम्ही तिसरी खाल्ली असं म्हणालात कशाला?” बाईंचा आवाज चढला. “खाल्ली नव्हती तर कबूल कशाला केलंत?”

घड्याळजींनी हातातला चिमटा खाली ठेवला.

“सहा महिने खरं सांगत होतो, तुला पटेना. रोज भांडून तू निम्मी झाली होतीस. म्हटलं, एकदा खोटं सांगून बघू.” त्यांनी चिमटा पुन्हा उचलला. “ते तुला लगेच पटलं.”