बिनजठराचे तात्या

आमच्या तात्यांना जठर नव्हतं.

जन्मापासून नव्हतं असं नाही. फौजेत ट्रक चालवून, रिटायर होऊन वडील वडूजला येईपर्यंत ते होतं आणि चांगलं तगडं होतं. फौजेच्या भटारखान्यातल्या कच्च्या रोट्या त्यानं पचवल्या, आमच्या आत्याच्या हातचे लाडूसुद्धा पचवले (एवढ्यावर पदक मिळायला हरकत नव्हती!). मग त्यातच गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी सगळं जठर काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली.

"आता जठराचं काम दातांनी करायचं," डॉक्टर म्हणाले. "थोडं थोडं खा, सावकाश चावा. गोड एकदम खाऊ नका."

हे त्यांनी तात्यांना सांगितलं. पण मी पडलो हायस्कुलातला विज्ञानाचा मास्तर! मला वाटलं, हे मलाच सांगितलंय.

घरी आल्यापासून तात्यांच्या ताटाशेजारी माझा तास सुरू झाला. "तात्या, पिष्टमय पदार्थ पचायची सुरुवात लाळेनं होते. चावा! आता खाली पित्त येईल, स्वादुपिंडाचा रस येईल, मग आतड्याच्या भिंतीतून सगळं रक्तात जाईल. अजून चावा!"

तात्या म्हणाले, "मास्तर, घास कवाच खाली गेला. आता तुझं भाषान चघळतोय."

वजन उतरत चाललं होतं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. आई चुलीकडं तोंड करून डोळे पुसायची आणि कांदा झोंबला म्हणायची. चुलीवर दूध असायचं.

अशात वाईला भाचीचा साखरपुडा आला. हॉलमध्ये शिरल्यापासून मी तात्यांच्या मागावर. पाहुण्यांशी दोन शब्द बोलायला वळलो, तेवढ्यात तात्या गायब! शोधत मागं गेलो, तर आचाऱ्याच्या कढईपाशी उभे. हातात भली मोठी जिलेबी.

"तात्याऽऽ!"

त्यांनी मला पाहिलं आणि आख्खी जिलेबी तोंडात कोंबून गिळली. फौजेत शत्रू दिसल्यावर कागद गिळतात म्हणे, तशी!

थोड्या वेळानं, ऐन अंगठी घालताना, तात्यांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, डोळे फिरले. न पचलेली साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं, हे मला पाठ होतं. तरी मी ओरडलो, "हार्ट अटॅक!"

हॉलमध्ये एकच पळापळ. नवऱ्या मुलाचे मामा धावत आले आणि तात्यांना आडवं पाडून छातीवर दाबायला लागले.

"आरं सोड की!" खालून तात्या ओरडले. "बरगड्या मोडतोस व्हय?"

नवऱ्या मुलाच्याच फुलं लावलेल्या गाडीतून आम्ही दवाखाना गाठला. जिना चढून वर गेलो आणि माझ्याच डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा मी खाटेवर होतो, हाताला सलाईन होतं आणि तात्या शेजारी बसून मला टोपीनं वारा घालत होते.

"पेशंट कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"ह्यो," तात्या म्हणाले. "पोटात कायबी न्हाई त्येच्या. सकाळपास्नं माझ्यावर पहारा करतोय."

त्यानंतर काही महिन्यांनी गाठ परत आली, या वेळी यकृतात. पाणीसुद्धा टिकेना. एका दुपारी तात्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"मास्तर, मला खाता येत न्हाई. तू निदान सांग तरी."

"काय सांगू?"

"मटणाचा घास सांग. तोंडापास्नं."

मी सांगायला लागलो. दातांपासून, लाळेपासून. जठराशी आलो आणि थांबलो.

"घाल की रं जठर," तात्या म्हणाले. "सांगायलाच तर हाय."

मग मी जठर घातलं. आम्ल सोडलं, घास घुसळला, आतड्यात नेला, रक्तात मिसळला. तात्या डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा जबडा हळूहळू हलत होता. त्याच आठवड्यात ते गेले.

दिवसकार्य आटोपलं. पाहुणे परतले. मी आणि आई सोप्यात बसलो होतो. मला राहवेना.

"आई, वाईला मी त्या कढईपाशी जरा आधी पोचलो असतो तर तात्यांना ती जिलेबी खाऊच दिली नसती."

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"आरं बाबा, तू शाळंत गेलास की रोज दुपारी मी त्यास्नी गोडाचा तुकडा द्यायची. कवा पेढा, कवा जिलबी. निवांत चावून चावून खायचे. कवाच तरास झाला न्हाई. वाईला तू दिसलास म्हणून गिळली त्यांनी."

म्हणजे आमच्या घरातली पचनक्रिया अगदी सुरळीत चालली होती. फक्त विज्ञानाचा मास्तर घराबाहेर असावा लागायचा!