फराळाचं ताट आणि कुत्र्याचं पोट

आमच्या बिबवेवाडीच्या बिल्डिंगमध्ये दिवाळीत एकमेकांकडे फराळाची ताटं द्यायची पद्धत आहे, आणि आमच्या घरातून ती पोचवायचं काम माझं. त्याने माझी भीड चेपेल असं आईला वाटतं. ती चेपली नाही, कारण मी दरवर्षी कुत्र्याला बरोबर न्यायचे.

दार उघडलं की सगळे त्याच्याशीच बोलायचे. "आलास का लबाडा? ये, ये!" माझी नोकरी, माझं लग्न, माझं मराठी वाचन हे विषय त्याच्या शेपटीच्या गडबडीत राहून जायचे. मी ताट द्यायचे, हसायचे आणि निघायचे.

याची किंमत तो मोजत होता. सणाला दारात आलेल्याला काही न देता पाठवत नाहीत, आणि हा नियम आमच्याकडे कुत्र्यालाही लागू आहे. पहिल्या मजल्यावर शंकरपाळे, दुसऱ्यावर चिवडा, तिसऱ्यावर बेसनाचा लाडू. "एवढ्याशाने काय होतंय?" असं प्रत्येक घर म्हणायचं. मला माहीत होतं काय होतं ते. दर दिवाळीनंतर त्याचं पोट बिघडायचं. पण "नको" म्हणायला तोंड उघडावं लागतं.

गेल्या वर्षी तो आईच्या रांगोळीवर ओकला. मग जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी पट्टा वाजवला तरी तो सोफ्याखालून बाहेर येईना.

"काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडा फराळ."

"थोडा म्हणजे?"

मी सांगायला लागले. लाडवापर्यंत पोचल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "चिवड्यात बेदाणे होते?"

"होते."

"बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या जाऊ शकतात. तुपकट खाण्याने स्वादुपिंड सुजतं. हा नऊ वर्षांचा आहे. पुढच्या वेळी निभावेल असं मी सांगू शकत नाही. तुम्ही लोकांना नको म्हणत नाही का?"

मी सवयीने कुत्र्याकडे पाहिलं. असल्या प्रश्नांच्या वेळी तोच मला सोडवायचा. पण त्या दिवशी त्याला सलाईन लावलेलं होतं.

या वर्षी बाबांनी मार्केट यार्डातून भलामोठा लाल भोपळा आणला. उकडलेला भोपळा आणि मऊ भात, मीठ नाही, तूप नाही, ही त्याची दिवाळी ठरली. तो घरी राहिला आणि मी ताटं घेऊन एकटी निघाले. लिफ्टमध्ये वाक्याची तालीम केली, आधी इंग्लिशमध्ये, मग मराठीत.

पहिल्या मजल्यावरच्या काकू निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी माझ्या मागे वाकून पाहिलं. "हे काय, एकटीच? तो कुठाय?"

"त्याला फराळ चालत नाही. गेल्या वर्षी सलाईन लावावं लागलं. खाली भेटला तरी काही देऊ नका, प्लीज."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? आम्हाला काय स्वप्न पडणार आहे?"

मी ताट पुढे केलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना वाईट वाटलं. "पण मी अगदी एवढंसंच द्यायचे गं."

"सगळेच एवढंसंच द्यायचे," मी म्हणाले, आणि स्वतःच दचकले. त्या हसल्या.

तिसऱ्या मजल्यावर आजोबा बशी घेऊनच दारात आले. माझं वाक्य ऐकून त्यांचा चेहरा गरजेपेक्षा जास्तच उतरला. तेवढ्यात आतून सूनबाईंचा आवाज आला, "बाबा, कुत्रा आला का? त्याला एकच द्या हं!"

"हो हो, एकच!" ते ओरडले.

बशीत दोन लाडू होते. आजोबांना शुगर आहे हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मी बशीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तोही पथ्यावर गेला म्हणजे," ते हळूच म्हणाले. "मग आता तूच खा. बशी रिकामी जायला हवी आत."

मी दारात उभी राहून दोन्ही लाडू खाल्ले. ते एकेक घास बघत होते.

"कसा झालाय?"

"तूप जरा जास्त आहे."

"तेच तर!" ते तळमळून म्हणाले. मग म्हणाले, "त्याला खाली आण रोज. नुसताच भेटेन."

आणि ते खरंच नुसते भेटले. पार्किंगमधल्या बाकावर बसून त्यांनी दोन्ही रिकामे तळवे पुढे केले. कुत्र्याने ते हुंगले, खिसा हुंगला आणि रुसून त्यांच्याच पायावर बसला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गेटजवळच्या झाडाखाली कार्यक्रम उरकला. मी कागद घेऊन वाकले आणि तशीच बघत राहिले. एवढ्या समाधानाने मी फटाकेसुद्धा कधी पाहिले नव्हते.

वरून पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काकूंनी विचारलं, "काय गं, कशी झाली?"

"घट्ट!" मी ओरडले. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.