ओळंबा आणि पाववाल्याची भिंत

बाईंना त्यांच्या नावाने हाक मारणारी माणसं थोडी आहेत. दुकानात त्या "टेलरबाई", घरी "आई" किंवा "अगं", आणि हौशी फोटोग्राफरांच्या एका छोट्याशा संकेतस्थळावर "ओळंबा". भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हे नाव त्यांनी घेतलेलं नाही. वाकडा फोटो दिसला की बाईंना चैन पडत नाही, म्हणून ते त्यांना चिकटलं.

शिवणकाम त्या आत्याकडून शिकल्या, पण नवे कपडे शिवण्यात त्या फार रमल्या नाहीत. त्यांचं दुकान दुरुस्तीचं आहे: जिन्याखालची खोली, खिडकीला लागून मशीन, भिंतीवर दोऱ्यांची रिळं, आणि मधोमध एक ठेंगणं लाकडी स्टूल. गिऱ्हाइकाने त्यावर उभं राहायचं. बाई खाली बसून, तोंडात टाचण्या धरून, खडूने खूण करणार. एक खांदा खाली असलेली, एक पाय आखूड असलेली, पोट सुटलेली अशी सगळी माणसं त्या स्टुलावर उभी राहून गेली आहेत. "सरळ माणूस मी अजून पाहिलेला नाही," बाई म्हणतात. "कपडा वाकडा कापावा लागतो, तेव्हा माणूस सरळ दिसतो."

कॅमेरा आला तोही दुकानामुळेच. एका गिऱ्हाइकाने कोट बिघडवल्याचा आळ घेतला, तेव्हापासून बाई प्रत्येक कपड्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो काढू लागल्या. हळूहळू कपडा बाजूला राहिला आणि खिडकीतून कपड्यावर पडणारा उजेड आवडू लागला. नवऱ्याने जुना कॅमेरा आणून दिला. तो सामान पोचवणारी गाडी चालवतो आणि बायकोच्या छंदाची थट्टा हा त्याचा छंद आहे. "कोटाचा फोटो काढायचा तर कोटाच्या आत माणूस तरी घाल," असं त्याचं पहिलं मत होतं.

संकेतस्थळ एका निवृत्त भूगोल शिक्षकाने चालवलेलं आहे. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. तिथे आवडल्याचं बटण नाही. सदस्य इतके कमी, की कुणी दोन आठवडे गप्प राहिलं तर चौकशी होते. मास्तरांचा एकच नियम: नुसतं "छान" लिहायचं नाही. नजर आधी कुठे गेली ते लिहायचं. या नियमामुळे बरेच लोक आले तसे निघून गेले, आणि जे राहिले ते एकमेकांचे फोटो खरोखर पाहणारे राहिले. बाईंनी पहिल्यांदा टाकलेल्या टाचण्यांच्या फोटोखाली इस्पितळातल्या एका सिस्टरने लिहिलं होतं, "आधी चुकलेल्या टाचणीकडे गेली." बाईंनी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यांच्या कामाकडे इतकं बारकाईने कुणी पाहिलं नव्हतं.

दुसरी रीत कुणी ठरवलेली नव्हती, पडून गेली. फोटो सामाईक संग्रहात जाण्याआधी बाईंकडे जाई. बाई तो संगणकावर उघडत, त्यातली सर्वांत लांब उभी रेघ शोधत आणि ती ताठ होईपर्यंत फोटो फिरवत. इतरांना एवढी चिकाटी नव्हती. क्षितिज कलतं, खांब झुकतात, हात थरथरतो. फोटोत काही वाकडं असेल तर ते काढणाऱ्याचंच, हे या मंडळींना इतकं पाठ होतं की त्यावर कुणी बोलतही नसे.

या मंडळींतला एक पाववाला. बेकरीत भट्टीवर काम करणारा, तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, वडिलांबरोबर राहणारा. त्याने एक मालिका सुरू केली होती. घराच्या वरच्या खिडकीतून, दर सुट्टीच्या दिवशी, तीच एक चौकट: खालचं अंगण, डावीकडे शेजारच्या लाँड्रीची उंच जुनी भिंत, भिंतीच्या कडेपलीकडे गल्लीतल्या घराची निळी खिडकी. आणि भिंतीच्या सावलीत खुर्ची, खुर्चीत वडील. वडील आयुष्यभर घरं रंगवायचं काम करून आता निवांत झालेले. ते दुपारभर तिथेच बसत, बहुतेक वेळ डुलक्या घेत.

"रोज तीच भिंत," ते मुलाला म्हणत. "उद्या वेगळी दिसणार आहे का?"

मंडळींना मात्र मालिका आवडली होती. ऋतू बदलत, खुर्चीवर कधी उशी येई, कधी छत्री. बाई प्रत्येक फोटो घेत आणि भिंतीच्या कडेवरून सरळ करत. चौकटीत तीच सर्वांत लांब रेघ होती.

एकदा सिस्टरने फोटोखाली लिहिलं, "आधी निळ्या खिडकीकडे गेली. ती पडतेय असं वाटलं." मास्तरांनी सविस्तर उत्तर दिलं: लेन्स रुंद असली की कडेच्या वस्तू ओढल्या जातात, घाबरू नये. बाईंनीही मान डोलावली. त्यांनाही खिडकी जरा कललेली दिसली होती आणि त्यांनीही लेन्सलाच दोष दिला होता.

मग एका आठवड्यात बाईंनी पाववाल्याला चिमटा काढला. "तुझा हात दिवसेंदिवस वाकडा होतोय. मला दर वेळी जास्त फिरवावं लागतं. भट्टीसमोर उभा राहून वितळलास की काय?"

त्याचं उत्तर आलं, जरा दुखावलेलं. "हात कुठला, ताई? कॅमेरा खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवतो. खूण करून ठेवलीय. हात लागतच नाही."

बाईंनी हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात एक मुलगी लांब झगा घेऊन आली. स्टुलावर उभी राहिली. बाई जमिनीवर पट्टी उभी धरून घेरावर खडूच्या खुणा करू लागल्या.

"कमरेपासून का नाही मोजत?" मुलीने विचारलं.

"कंबर हलते. जमीन हलत नाही."

हे वाक्य बाईंनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. या वेळी ते म्हणून त्या थांबल्या. खडू हातातच राहिला. मुलीने दोनदा विचारलं, "काकू, वळू का?"

जे हलत नाही त्यावरून मोजायचं. कॅमेरा दगडी कट्ट्यावर. कट्टा हलत नव्हता, हातही नव्हता. मग दर आठवड्याला जास्त फिरवावं लागत होतं ते काय?

झगा नंतर करू म्हणून त्यांनी मुलीला पाठवलं आणि पाववाल्याकडे मूळ फोटो मागितले, न फिरवलेले, सगळे. तो कामावरून येऊन झोपायच्या तयारीत होता. तरी त्याने पाठवले. बाईंनी या वेळी भिंतीकडे पाहिलंच नाही. पलीकडच्या घराची कड धरली, सगळे फोटो एकावर एक बसवले आणि एकामागून एक उघडत गेल्या. नवरा जेवणाचा डबा घेऊन आला होता. तो मागे उभा राहून पाहत होता.

"ही भिंत चालतेय की काय?" तो म्हणाला.

भिंत अंगणाच्या बाजूला झुकत होती. आधी दिसेल न दिसेल इतकी, शेवटच्या फोटोंत स्पष्ट. आणि प्रत्येक फोटोत तिच्या पायाशी खुर्ची होती.

या मंडळींनी एकमेकांचे आवाज कधी ऐकलेले नव्हते. तशी गरजच पडली नव्हती. बाईंनी मास्तरांकडून पाववाल्याचा नंबर घेतला आणि फोन लावला. बऱ्याच वेळाने झोपाळू आवाज आला.

"कोण?"

"ओळंबा."

"ताई? तुमचा आवाज असा आहे होय! मला वाटलं होतं..."

"तुझे वडील कुठे आहेत?"

"अंगणात. खुर्चीत. का?"

"उठव त्यांना आणि आत घे."

"झोपलेत, ताई. आत्ता उठवलं तर दिवसभर शिव्या घालतील."

"घालू देत. आधी आत घे, मग बोलू. मी फोन धरून आहे."

बाई फोन धरून होत्या. जिना उतरल्याचा आवाज, मग लांबून एका म्हाताऱ्याची तक्रार, मग दाराचा आवाज. त्यानंतरच त्यांनी काय पाहिलं ते सांगितलं.

वडील आत आले, पण पटलं नाही. "ही भिंत मी तीनदा रंगवलीय. माझ्याहून म्हातारी आहे आणि माझ्याहून ताठ आहे. कुणी शिंपीण फोनवरून सांगणार आणि मी माझी जागा सोडणार?" दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची पुन्हा जागेवर. पाववाल्याने हात जोडले, आवाज चढवला, खुर्ची लपवली. वडिलांनी स्वयंपाकघरातलं स्टूल नेऊन तिथे मांडलं.

पाववाल्याने बाईंना लिहिलं, "ऐकत नाहीत. काय करू?"

बाईंनी विचारलं, "त्यांनी तुझे फोटो कधी पाहिलेत?"

नव्हते पाहिले. एकही नाही. रोज तीच भिंत, त्यात पाहायचं काय?

बाईंनी फोटो ओळीने लावले आणि पाठवले. सोबत सूचना: भिंतीचा शब्द काढू नकोस. नुसतं दाखव आणि नजर कुठे जाते ते विचार.

पाववाला स्टुलाशेजारी उकिडवा बसला आणि वडिलांसमोर फोन धरला. पहिल्या काही फोटोंत वडिलांना फक्त स्वतः दिसले. "हा मी? इतका टकला झालोय?" मग, "ही उशी कुठे गेली रे?" मग ते फोनवर वाकले. रंगाऱ्याचा डोळा होता, आयुष्य कडा पाहण्यात गेलेलं.

"थांब. मागे घे," ते म्हणाले. "अजून मागे. ही निळी खिडकी आधी अख्खी दिसायची. आता अर्धी कुणी खाल्ली?"

वडिलांनी मान वर करून भिंतीच्या माथ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठले, स्टूल उचललं आणि स्वतःच आत गेले. दारातून म्हणाले, "तूही उठ तिथून, गाढवा."

त्यानंतरचं सगळं रुक्ष आणि वेळखाऊ होतं. गवंडी आला, त्याने माथ्यावरून दोरी सोडली. खालचं वजन भिंतीच्या पायापासून वीतभर दूर लोंबत राहिलं. भिंतीमागे लाँड्रीचा सांडपाण्याचा पाइप फुटलेला निघाला. कित्येक महिने पाणी पायात मुरत होतं. लाँड्रीवाला म्हणाला, भिंत पहिल्यापासून तशीच होती. पाववाल्याने फोटो दाखवले, तारखांसह. इमारत खात्याच्या माणसाने येऊन अंगण बंद केलं आणि भिंत उतरवायला सांगितली.

दरम्यान बाईंनी मंडळींच्या पानावर चार ओळी लिहिल्या. "भिंत झुकत होती आणि मी दर आठवड्याला ती सरळ करून तुम्हाला दाखवत होते. फोटो बरोबर होते, दुरुस्ती चूक होती. सिस्टरला दिसलं होतं, आपण तिला लेन्स शिकवली. यापुढे मूळ फोटो शेजारी राहील." खाली मास्तरांनी लेन्सवरचं आपलं भाषण मागे घेतलं. दोघा-तिघांनी बाईंना "जीव वाचवलात" वगैरे लिहिलं, तेव्हा बाईंनी त्यांना मास्तरांचा नियम दाखवला: नजर कुठे गेली ते लिहा, बाकी नको.

या मंडळींत मोठे फोटोग्राफर कुणी नाहीत. बाईंचे फोटोही, खरं सांगायचं तर, बेताचेच असतात. पण चूक लक्षात आल्यापासून फोन लावेपर्यंत त्यांनी एक क्षणही स्वतःच्या अब्रूचा विचार केला नाही, आणि चूक जितकी होती तितकीच सांगितली, कमी नाही की जास्त नाही. हे दिसतं तितकं सोपं नाही.

भिंत माथ्याकडून उतरवायला घेतली त्या दिवशी वडील गल्लीच्या पलीकडे खुर्ची टाकून बसले आणि गवंड्याला सूचना देत राहिले. गवंड्याने कानाडोळा केला. भिंत कमरेइतकी राहिल्यावर त्यांनी मुलाकडून फोन मागून घेतला.

"शिंपीणबाई का?"

"हो. बोला, काका."

"तुमच्यामुळे माझी सावली गेली. ऊन सरळ डोळ्यांत येतं."

"टोपी घाला."

"मापाची मिळत नाही. डोकं मोठं आहे."

"मुलाला सांगा, दोरा गुंडाळून माप घ्यायला. मी शिवून पाठवते."

पलीकडून विटा पडल्याचा आवाज आला.

"तो वाकडं घेईल," वडील म्हणाले. "मीच घेतो."