ड्राईव्हवरचा लाल ठिपका

कोणतीही डिस्क हातात आली की काका आधी ती ट्यूबलाईटकडे धरत, एक डोळा मिटत आणि मधल्या भोकातून माझ्याकडे बघत. मग विचारत, "भाऊ, याला कोणाचा हात लागला?"

हात कोणाचाच लागलेला नसे. डिस्क त्यांनीच घरून आणलेली, वर्तमानपत्रात त्यांनीच गुंडाळलेली आणि पिशवीतून त्यांनीच काढलेली. पण उत्तर मिळाल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. "तुमचाच, काका," असं मी म्हणायचो. "तेच पाहून राहिलो," असं म्हणून ते ती पुन्हा गुंडाळून ठेवायचे.

बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि काका मागच्या गल्लीत राहायचे. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग हा त्यांचा धंदा. गावातल्या दुकानदारांच्या आणि मास्तरांच्या घरची लग्नं त्यांनी काढली, तापीकाठच्या केळीवाल्यांची काढली, आणि त्या जोडप्यांची मुलं मोठी झाल्यावर त्यांचीही काढली. लग्नात ते नवरा-नवरीपेक्षा वाढप्यांवर आणि चपलांच्या ढिगावर जास्त नजर ठेवून असत, असं लोक म्हणायचे. मला ते सहज पटतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुधात बोट बुडवून बघणारी, शिंप्याकडून उरलेली चिंधी मागून घेणारी. पण बाकीचे लोक संशय मनात ठेवतात आणि वरून हसतात. काका तोंडावर बोलत. दुरुस्तीवाले मशीनमधला चांगला माल काढून घेतात आणि जुना घालतात, ही आमच्या गावाची ठाम समजूत. काकांनी त्यावर तोड काढली होती, ती म्हणजे काकूंची लाल नेलपॉलिश. मशीन दुकानात आणण्याआधी ते घरी झाकण उघडून आतल्या प्रत्येक वस्तूवर एक ठिपका द्यायचे. रॅमवर, हार्डडिस्कवर, दोन्ही डीव्हीडी ड्राईव्हवर, पंख्यावर, एवढंच काय, झाकणाच्या स्क्रूंवरसुद्धा. मी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा मशीनला गोवर आल्यासारखं वाटलं.

काम चालू असताना ते समोरच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसत आणि माझ्या बोटांवरून नजर हटवत नसत. काम झालं की मी म्हणायचो, "काका, बघून घ्या." मग ते चष्मा कपाळावर चढवून कॅबिनेटमध्ये डोकं घालत आणि एकेक ठिपका तपासत. मला याचा राग यायचा, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं येणारं गिऱ्हाईक, आणि दर वेळी मी चोर नाही हे त्याच्यापुढे नव्याने सिद्ध करायचं! दोन-चारदा मी टोमणाही मारला, "काका, माझ्या हातावर पण एक ठिपका द्या." त्यांनी त्याचा गंभीरपणे विचार केला असावा असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

डिस्कवर त्यांचं प्रेम होतं तेही संशयापोटीच. लोक आता पेनड्राईव्ह मागतात, नाहीतर सरळ मोबाईलवर पाठवा म्हणतात. काका डिस्कच देत. "पेनड्राईव्हवरचं कोणी पण पुसू शकतं भाऊ. याच्यावर एकदा लिहिलं का लिहिलं." पार्टीला कॉपी मिळायची आणि मूळ डिस्क, म्हणजे मास्टर, घरच्या लोखंडी कपाटात राहायचा. कोणाची कॉपी पोरांनी खेळून ओरखडली की ते लोक पुन्हा काकांकडे येत. मास्टर मात्र घराबाहेर गेला नाही. त्यावर नावही लिहिलेलं नसे, कारण नाव वाचून चोराला पाहिजे ती डिस्क सापडली असती. कोणाचं लग्न कुठे आहे हे फक्त काकांच्या डोक्यात होतं.

व्हायरसच्या भीतीने ते रात्रंदिवस हैराण असत म्हणून मी त्यांच्या मशीनवर लिनक्स नावाची वेगळी सिस्टिम घालून दिली. तेव्हाची चौकशी आठवते.

"कोणी बनवलं हे?"

"जगभरातल्या लोकांनी मिळून, काका."

"पैसे किती घेतात?"

"काहीच नाही. फुकट आहे."

"फुकट का देऊन राहिले?"

मी म्हणालो, "आतलं सगळं उघडं असतं. कोणीही वाचू शकतं, लपवाछपवी नाही."

"मग चोर पण वाचत असेल ना?"

शेवटी माझ्या स्वतःच्या मशीनवर तेच आहे हे डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा ते तयार झाले.

तर दोन-तीन वर्षांपूर्वी काका मशीन घेऊन आले. धूळ काढायची होती आणि सिस्टिमही जुनी झाली होती. सिस्टिमचा जो मुख्य गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो मशीनच्या प्रत्येक भागाला ओळखून कामाला लावतो. तो बदलून नवा घालायचा होता. मी झाकण उघडून पंखा पुसत होतो, तोच काकांना फोन आला. कोणी पार्टी त्यांच्या दारात येऊन उभी होती. उघडं मशीन माझ्याकडे सोडून जायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. ते गेले, पण कोपऱ्यापर्यंत वळून वळून बघत गेले.

परत आल्यावर त्यांच्यासमोर मी नवा कर्नल नेटवरून उतरवायला लावला. मध्येच एक गिऱ्हाईक आलं म्हणून मी पुढच्या काउंटरवर गेलो. परतलो तेव्हा मशीन रीस्टार्ट मागत होतं. ते केलं, पडदा नीट उजळला. "काका, बघून घ्या." सगळे ठिपके जागच्या जागी होते. काका मशीन मांडीवर घेऊन रिक्षात बसले.

दुसऱ्या दिवशी फोन. "भाऊ, माझे ड्राईव्ह कुठे आहेत?"

"मशीनमध्ये आहेत, काका."

"मशीन तर बोलते, नाहीत."

ट्रे उघडत होता, दिवाही लागत होता, पण डिस्क घातली तरी पडद्यावर काही येत नव्हतं. दोन्ही ड्राईव्हचं तेच. मी म्हणालो, कर्नल बदलल्यावर असं कधीकधी होतं, येऊन बघतो.

"डबा माझा आहे," काका म्हणाले, "ठिपका पण माझा आहे. आतला माल कोणाचा आहे, ते तुम्ही सांगा."

मी फोन ठेवून दिला.

प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण त्याच दिवशी जवळच्या चांदनी गावाहून एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची कॉपी मागायला त्यांच्याकडे आले होते, आणि काकांनी त्यांना सांगितलं की दुकानवाल्याने ड्राईव्हच्या पोटातला माल बदलला. ते गृहस्थ स्टेशनाकडे जाता जाता कुठेकुठे थांबले असतील देव जाणे. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मलाच विचारणा झाली, "काय भाऊ, काकांचे ड्राईव्ह बदलले म्हणे?" हसतच विचारलं, पण विचारलं. नंतर जुनं ओळखीचं एक गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन आलं, आणि नेहमी ठेवून जाणारा तो माणूस म्हणाला, "बसतो मी इथेच. मला काही घाई नाही." आणि तो काकांच्या स्टुलावर बसला. इतवाऱ्यात चोर हे नाव एकदा चिकटलं की मला दुकानाला कुलूप लावून केळीच्या ट्रकवर हमाली करावी लागली असती, आणि तिथेही कोणी घड मोजून घेतले असते.

मी तडक काकांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं आणि चहा टाकला. काकांनी माझी खुर्ची मशीनपासून लांब ठेवली.

"हात लावायचा नाही. तोंडाने सांगा."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो आणि काका एका बोटाने टाईप करू लागले. प्रत्येक अक्षराआधी ते माझ्याकडे वळून बघत.

"हे सुडो काय आहे?"

"मालकाच्या हक्काने हुकूम द्यायचा असेल तर आधी ते लिहितात."

"मालक कोण? मी का तुम्ही?"

"तुम्हीच, काका."

"मग लिहितो."

मी त्यांना मशीन रीस्टार्ट करायला लावलं आणि एक बटण दाबून धरायला सांगितलं. पडद्यावर यादी आली. वर नवा कर्नल होता आणि त्याच्या खाली जुना. काकांनी चष्मा पुसला. "हे जुनं अजून आतच आहे?"

"नवीन घातलं तरी जुनं ठेवतात, काका. नवीन अडलं तर परत जाता येतं."

काकांनी यादीतल्या दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे याला पण नवीनचा भरोसा नाही." त्या मशीनकडे बघून त्यांना हसताना मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

जुना कर्नल चालू केला. काकांनी चांदनीच्या लग्नाचा मास्टर ट्रेमध्ये ठेवला, ड्राईव्ह घुरघुरला आणि पडद्यावर हळद लागली. दुसऱ्या ड्राईव्हमध्ये घातला, तिथेही लागली. मी खुर्चीतून न उठता म्हणालो, "माल कोणाचा आहे, काका?" त्यांनी डिस्क काढून पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली.

मग पुन्हा नव्या कर्नलवर जाऊन शोधलं. त्याच्यासोबत यायचा एक भाग आलाच नव्हता, आणि ड्राईव्ह ओळखायचं काम नेमकं त्या भागाचं होतं. तो उतरत असताना नेट मध्येच तुटलं होतं. माझ्या दुकानातलं नेट त्या दिवशी तर चांगलं चालू होतं. आता संशय घ्यायची पाळी माझी होती.

"काका, मी काउंटरवर गेलो तेव्हा तुम्ही नेटची वायर काढली होती का?"

काका पडद्याकडेच बघत होते. काकू चहा घेऊन आल्या आणि हसायला लागल्या. "घरी पण काढतात हो. टीव्हीची पण काढतात."

"दिवा लई लुकलुकून राहिला होता," काका म्हणाले. "एवढं काय येऊन राहिलं आत? का जाऊन राहिलं बाहेर? मला काय माहीत? तुम्ही आले तेव्हा परत लावून दिली ना मी."

राहिलेला भाग माझ्या मोबाईलच्या नेटवर उतरवला. या वेळी दिवा नव्हता, त्यामुळे अडचण आली नाही. रीस्टार्ट केल्यावर नव्या कर्नललाही दोन्ही ड्राईव्ह दिसू लागले. "जुनं काढू नका," एवढं काकांनी बजावलं. ते माफी मागतील म्हणून मी चहा अगदी सावकाश प्यायलो. कप रिकामा झाला तरी काही आलं नाही, मग उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टपरीवर आले. ते बाहेरचा चहा कधीच पीत नसत, पाणी कुठलं असेल काय माहीत म्हणून. त्या दिवशी त्यांनी अर्धा कप घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊने ड्राईव्ह बदलले नाहीत. मी तपासले."

"मग झालं काय होतं, काका?" कोणीतरी विचारलं.

"हात माझा लागला होता," काका म्हणाले. कप तसाच ठेवून ते निघून गेले. मी टपरीवाल्याला उगाचच आणखी एक चहा सांगितला.

त्यानंतरही ठिपके तपासणं थांबलं नाही. मागच्या वर्षी दोन्हींतला एक ड्राईव्ह खरंच झिजला. आता तसे मिळत नाहीत. मी शोधून एक आणला आणि त्यांच्यासमोर बसवला. "द्या ठिपका," मी म्हणालो. "घरी जाऊन लावतो," ते म्हणाले.

थंडीत काका गेले. झोपेतच गेले.

परवा काकू रिक्षातून मशीन घेऊन आल्या, आणि मास्टरांची एक पिशवी. ज्याचं लग्न त्याच्या घरी देऊन टाकायचं असं त्यांनी ठरवलं आहे. पण नाव एकावरही नाही, एकेक लावून ओळखावं लागणार, आणि मशीन फार आवाज करतं. मी स्टूल पुढे ओढलं. "बसा काकू, तुमच्यासमोर उघडतो."

"कशाला? मी भाजी घेऊन येते," असं म्हणून त्या गेल्यासुद्धा.

मी झाकण उघडलं. रॅम, हार्डडिस्क, पंखा, जुना ड्राईव्ह, सगळीकडे लाल ठिपके. मी बसवलेल्या ड्राईव्हवर मात्र ठिपका दिसेना. तो बाहेर काढला, उलटा केला, टॉर्च मारून पाहिला. कुठेच नव्हता. काकांच्या संगतीत राहून मलाही सवय लागली असणार. मला वाटलं, बाटली संपली असेल, नाहीतर विसरले असतील.

काकू आल्यावर मी विचारलंच. "काकू, नेलपॉलिश संपली होती का?"

"कुठे? जायच्या आधी नवीन कुकर आणला, त्याला लावली ना." मग त्यांना उमगलं मी कशाबद्दल विचारतोय. "नव्या ड्राईव्हला पण लावा, बोलली मी. तर बोलले, राहू दे. तो भाऊने बसवला आहे."

मी पंखा नीट बसवला आणि लाल ठिपक्यांचे स्क्रू घट्ट केले. "काकू, बघून घ्या," मी म्हणालो.

"काय बघू?" त्या म्हणाल्या. भाजीची पिशवी घेऊन त्या रिक्षा बघायला बाहेर गेल्या.

ड्राईव्ह चालतो का ते पाहायला मी मास्टरांच्या पिशवीतून वरचीच एक डिस्क काढली आणि वर्तमानपत्र सोडलं. ट्रेमध्ये घालण्याआधी ती ट्यूबलाईटकडे धरली आणि एक डोळा मिटला. मधल्या भोकातून समोरचं स्टूल दिसत होतं.